दुसरी वेलांटी

जगदीश पेंडुरकरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही गिरणी बंद होती म्हणून. एरवी ते परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. कोण भोंग्याआधी आत आला आणि कोण भोंग्यानंतर, हे सांगणं त्यांचं काम, आणि हे काम त्यांना मनापासून आवडायचं. संप लांबला, गेटवर येणारं कोणी उरलं नाही, तेव्हा ह्या माणसाला दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडला. मग त्र्याऐंशी साली लालबागच्या खोलीत पाटावर बसून त्यांनी दोनशे बारा पानांची विज्ञान-कादंबरी लिहून काढली. नाव ठेवलं ‘तटावरचे नागरिक’.

कादंबरीत साल होतं २०६१. समुद्र चढलेला, आणि शिवडीपासून कुलाब्यापर्यंत दहा पुरुष उंचीचा तट बांधलेला. त्या तटावर जो दोन वर्षं पाळी करील तो नागरिक. त्याला मत, त्याला मान. बाकीचे सगळे नुसते रहिवासी. नायक विक्रम घरचा लाडका, आळशी, पण तटावर जाऊन शिस्त शिकतो आणि शेवटच्या पानावर तटाला पडलेल्या भगदाडात स्वतः उभा राहून मरतो. मरताना म्हणतो, ‘शहराला बळ द्या!’ ह्यात थट्टा कुठेही नव्हती. जगदीशरावांना खरंच वाटत होतं की जग असं चाललं तर बरं होईल. विक्रमच्या आईला मरणोत्तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं तो प्रसंग लिहिताना ते स्वतः रडले होते.

पुस्तक गिरगावच्या एका छापखान्यात छापलं गेलं. तिथे त्यांची बायको कौसल्या प्रुफं तपासायची, त्यामुळे सगळं घरच्यासारखं झालं. एकच आवृत्ती निघाली. थोडी वाचनालयांत गेली, थोडी पाहुण्यांत वाटली गेली, उरलेली पलंगाखाली. पण ज्यांनी वाचलं त्यांच्यापैकी काहींच्या लक्षात राहिलं, आणि दादरच्या एका वाचक मंडळात दरवर्षी कामगार दिनाला जगदीशरावांना बोलावून शेवटचं पान वाचायला लावायचे. वाचायला म्हणजे म्हणायला. पुस्तक हातात मिटलेलं, एक बोट मध्ये खुपसलेलं, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि तोंडाने घडाघडा. सगळं पाठ होतं ना! ज्याला पाठ आहे त्याने उघडायचं कशाला? छापून आल्यापासून त्यांनी ते पुस्तक एकदाही उघडून वाचलं नव्हतं, आणि ह्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अपेक्षा सकपाळ त्यांच्या दारात उभी राहिली. तिशीची, पाठीवर सॅक, पायात कॅनव्हासचे बूट. तोवर जुनी चाळ पडून तिथे टॉवर झाला होता आणि पेंडुरकर चौदाव्या मजल्यावर राहत होते. तिने सॅकमधून तपकिरी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं.

“माझ्या आजोबांच्या ट्रंकेत होतं, काका. कुशाबा सकपाळ. तुमचं पुस्तक त्यांनीच जुळवलं होतं.”

कौसल्याबाई आतून पदर खोचत बाहेर आल्या. “आमच्या छापखान्यातले कुशाबा? नायगावचे? त्यांची नात तू?” त्यांनी पोरीचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. कुशाबा खिळे जुळवणारे. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा पेटीतल्या त्याच्या घरातून उचलून ओळ बांधायची, पान बांधायचं, हे त्यांचं आयुष्य. आता त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

अपेक्षाला सिनेमा करायचा होता. जगदीशराव आनंदून गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाकडे झुकलेल्या माणसाचं पुस्तक कोणी पडद्यावर आणतं म्हटल्यावर दुसरं काय होणार? तरी टाइमकीपरच ते, अट घातलीच.

“शब्द बदलायचा नाही. माझा एकही शब्द बदलायचा नाही.”

“प्रॉमिस, काका,” अपेक्षा म्हणाली. “डायलॉग सगळे पुस्तकातले. माझं एक वाक्य घालणार नाही.”

आणि पोरीने शब्द पाळला. तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

ह्या वर्षी सिनेमा तयार झाला. नाव ‘रहिवासी’. दादरच्या थिएटरात दुपारचा खास खेळ ठेवला होता, आणि जगदीशराव इस्त्रीचा सदरा घालून, अत्तराचा बोळा कानात ठेवून, पहिल्या रांगेच्या मागच्या रांगेत बसले. पाच मिनिटांत लोक हसायला लागले.

आधी त्यांना वाटलं, मागे कोणी काही बोललं असेल. मग कळलं की लोक पडद्याला हसतायत. पडद्यावर तट होता, टोप्या घातलेली पोरं होती, कप्तान होता, आणि कप्तान त्यांचीच वाक्यं बोलत होता, अगदी जशीच्या तशी. फक्त नट ती अशा काही गंभीर तोंडाने म्हणत होते, आणि मागे बँडबाजा असा काही वाजत होता, की ऐकणाऱ्याला हसू आवरेना. दर दहा मिनिटांनी पडद्यावर सरकारी बातम्या यायच्या. आज तट दोन फुटांनी वाढला, आज सतरा नागरिक कमी झाले, तरुणांनो, सतरा जागा रिकाम्या आहेत! विक्रमच्या आईला प्रमाणपत्र मिळतं त्या प्रसंगात तर कारकून तिला सांगतो, ‘बाई, हे मत पुढच्या निवडणुकीपर्यंतच चालेल.’ तेही पुस्तकातलंच. जगदीशरावांनी ते व्यवहाराची बाब म्हणून लिहिलं होतं, कारण नियम म्हटला की मुदत आलीच. थिएटर मात्र खो खो हसलं.

एकदा कौसल्याबाईही हसल्या. कप्तान म्हणाला, ‘शिस्त म्हणजे प्रेमच, फक्त वेळेवर केलेलं,’ तेव्हा. हे वाक्य कादंबरीत येण्याच्या आधीपासून त्यांनी घरात ऐकलं होतं, चहा पाच मिनिटं उशिरा झाला की. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, पण शेजारच्या खुर्चीला ते समजायचं राहत नाही. जगदीशरावांना वाईट वाटलं. सगळ्या थिएटरच्या हसण्यापेक्षा त्या एका हसण्याचं जास्त वाटलं.

आणि मग शेवट. विक्रम भगदाडात उभा, समुद्र गळ्यापर्यंत, आणि तटावर सगळीकडे लाल कापडाचे फलक उलगडतात. त्यांवर लिहिलेलं, ‘शहराला बळी द्या!’ विक्रम हसतमुखाने तेच ओरडतो आणि पाण्याखाली जातो. बँड वाजतो. दिवे लागतात.

बाहेर अपेक्षा त्यांच्याजवळ आली. “काका, कसा वाटला?”

“घरी जायला उशीर होतोय,” जगदीशराव म्हणाले. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

घरी आल्यावर त्यांनी हेमचंद्रांना फोन लावला. हेमचंद्र म्हणजे त्या वाचक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, आणि कुठे काही वाद होण्यासारखं दिसलं की त्यांची झोप उडते, आनंदाने. “हा सरळ घात आहे, जगदीशराव,” ते म्हणाले. “आपण परिसंवादच ठेवू. येत्या रविवारी सकाळी दहाला. विषय: चित्रपटाने कादंबरीचा घात केला काय? तिलाही बोलावतो. तुम्ही फक्त तिला तोंडावर सुनवा.”

जगदीशराव कामाला लागले. चार पानी भाषण झालं. पहिली तीन पानं रागाची होती, आणि राग कागदावर पातळ होतो हे त्यांना स्वतःला कळत होतं. चौथ्या पानावर मात्र पुरावा होता. ‘माझा शब्द बदलणार नाही असं वचन देऊन ह्या मुलीने माझं शेवटचं वाक्य बदललं. मी बळ लिहिलं, तिने बळी केला.’ ह्या एका वाक्यावर ते खूश होते. वाचकांनी आपलं पुस्तक कसं वाचावं ह्यावर लेखकाचा ताबा नसतो, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण पुस्तकाची वाट लावून वर ‘आधारित’ म्हणून आपलं नाव लावायचं, आणि आपण गेल्यावर लोकांनी पेंडुरकर म्हणजे तो गमतीचा सिनेमा असं म्हणायचं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांचं एवढं एकच तर होतं.

तरी सरळ माणूस. अंधारात वार करायचा नाही म्हणून गुरुवारी त्यांनी अपेक्षाला घरी बोलावून चौथं पान वाचून दाखवलं.

अपेक्षा ऐकता ऐकता गोंधळली. “पण काका, मी कुठे बदललं? पुस्तकातच आहे ते.”

“काय आहे पुस्तकात?”

“बळी द्या. लास्ट पेज. त्याच्यावर तर पिक्चर उभाय माझा.” तिने सॅकमधून तेच तपकिरी कव्हरचं पुस्तक काढून पान दोनशे बारा उघडलं आणि बोट ठेवलं. “आमच्या घरात हे वाक्य म्हण झालंय, काका. लाइट गेली, पाणी गेलं, की आजोबा म्हणायचे, द्या शहराला बळी! मी दहावीत असताना वाचलं पहिल्यांदा. मला वाटलं, काय डेरिंग आहे ह्या माणसाचं! दोनशे अकरा पानं तो सरळ तोंडाने सांगतो आणि शेवटी एका शब्दात सगळं उघडं करून टाकतो. तुम्ही… तसं नव्हतं तुमच्या मनात?”

जगदीशरावांनी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘शहराला बळी द्या!’ स्पष्ट छापलेलं. ळ, आणि त्याच्या पुढे उभी, टोपी घातलेली दुसरी वेलांटी.

“मी नंतर फोन करतो,” ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी पलंगातला खण उपसला. दहा प्रती निघाल्या, दहांतही बळी. सगळ्यांत खाली हस्तलिखित होतं, निळ्या शाईचं, कडा कुरतडलेलं. शेवटच्या पानावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: ‘शहराला बळ द्या!’

जगदीशराव जमिनीवर मांडी घालून बसले होते, तिथूनच टाळी वाजवून ओरडले, “सापडलं! अगो, ऐकतंस काय! मुद्रणदोष! सगळा सिनेमा एका मुद्रणदोषावर उभा केलाय!”

कौसल्याबाई ओट्याशी कोलंबी सोलत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

लगेच हेमचंद्रांना फोन. जगदीशरावांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून हेमचंद्रांचं हसू घरभर पसरलं. “अहो, मग तर संपलंच! भाषण फाडून टाका. नुसतं हस्तलिखित दाखवा. म्हणावं, बाई, तुझ्या आजोबांच्या चुकीवर तू सिनेमा काढलास! जुळारी कोण म्हणालात? सकपाळ? नायगावचा ना? मग काय, ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा तिकडून कशाला ठेवायची!” आपल्या कोटीवर ते पुन्हा हसले, आणि जगदीशरावही हसले. थोडंसंच, पण हसले.

फोन ठेवला तेव्हा कौसल्याबाई हात धुऊन समोर येऊन बसल्या होत्या.

“कुशाबांचं नाव घ्यायचं नाही तिथे,” त्या म्हणाल्या.

“का? चूक त्याची आहे.”

“चूक?” कौसल्याबाईंनी हस्तलिखित ओढून घेतलं आणि पहिलं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. “हे काय लिहिलंय तुम्ही? वाचा.”

जगदीशरावांनी वाचलं. “नागरिक.”

“नीट वाचा.”

नीट वाचल्यावर दिसलं. नागरीक. दुसरी वेलांटी. खाली पुन्हा नागरीक. पानभर सहा वेळा, सहाही वेळा नागरीक.

“दोनशे बारा पानं तुम्ही नागरीक लिहिलंत. शीर्षकातसुद्धा. पुस्तकात एका तरी ठिकाणी आहे? नाही. कारण जुळवतानाच कुशाबांनी प्रत्येक वेलांटी फिरवली. माझ्यापर्यंत चूक येऊच दिली नाही. मला म्हणाले, वहिनी, साहेबांना सांगू नका, लेखकाला वाईट वाटतं. आणि तुम्ही त्या माणसाला चौघांत उभं करून ऱ्हस्व-दीर्घ शिकवणार?”

“तरी एक चुकली असेल,” जगदीशराव म्हणाले. आवाज उतरला होता.

“वेलांटीचा खिळा वेगळ्या घरात असतो. ळ उचलला की हात परत फिरवायचा, वेलांटीच्या घरात घालायचा, तो खिळा उचलायचा, लावायचा. घाईत माणूस वेलांटी घालायची विसरतो. नसलेली कोणी चुकून घालत नाही.”

“म्हणजे मुद्दाम घातली?”

“ते मी त्यांना कधी विचारलं नाही. छापखान्यात त्या वर्षी संपाचीच पत्रकं चालली होती. दिवसाला पन्नास वेळा बळी जुळवत होते ते. हाताला सवय लागली असेल, नाही तर मनाला. मला माहीत नाही.” त्यांनी हस्तलिखित खाली ठेवलं. “पण शेवटचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. त्यावर ‘छापा’ लिहायचं काम माझं. ते पान पुन्हा जुळवलेलं होतं; आधीच्या प्रुफांत नसलेली ती वेलांटी मला दिसली. मी पेन्सिल ठेवली तिच्यावर. आणि उचलली.”

जगदीशरावांनी जवळची एक छापील प्रत ओढून शेवटचं पान पुन्हा पाहिलं.

“का?”

“तार आली होती त्या दिवशी.”

तार कुठली, हे त्यांना विचारावं लागलं नाही. प्रफुल्ल कौसल्याबाईंचा धाकटा भाऊ. जगदीशरावांच्याच गिरणीत लूमखात्यात होता. बोलताना बोटं मोडायची सवय, आणि भोंग्याला हमखास चार मिनिटं उशीर. संपाच्या नवव्या महिन्यात त्याने कंटाळून देवगडचा रस्ता धरला, आणि पुढच्या वर्षी, पुस्तक छापखान्यात असताना, तिथे काविळीने पंधरा दिवसांत गेला. जगदीशरावांच्या कादंबरीत एक प्रभाकर आहे. पाळी अर्धी टाकून तटावरून पळतो, आणि शहर त्याचं नाव रहिवाशांच्या यादीतूनही खोडून टाकतं. तो बोलताना बोटं मोडतो. चाळीतल्या पोरासोरांनाही कळलं होतं की हा प्रफुल्ल.

“मी म्हटलं होतं तुम्हाला,” कौसल्याबाई म्हणाल्या. “हात जोडून म्हटलं होतं, तेवढा प्रभाकर काढा. तुम्ही म्हणालात, कादंबरी आहे, त्यात कोणाचं नाव नाही. चार वेळा प्रूफ वाचलं मी ते. चार वेळा माझ्या भावाला तटावरून हाकलला. पाचव्या खेपेला माझ्या एका हातात तार आणि दुसऱ्या हातात तुमचं शेवटचं पान, शहराला बळ द्या. आणि त्यावर ती वेलांटी. मला वाटलं, आत्ता कुठे वाक्य बरोबर झालं. मी ‘छापा’ लिहिलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस? बेचाळीस वर्षं?”

“म्हटलं, पुस्तक हातात आलं की वाचतील. शेवटचं पान तरी बघतील. चिडतील, विचारतील कोणी केलं हे, मग सांगेन. मग सगळंच सांगेन.” त्या उठल्या. “माका काय ठावूक, तुम्ही वाचूचेच नाय!”

आयुष्यभर प्रमाण मराठीची प्रुफं वाचलेल्या ह्या बाईच्या तोंडून मालवणी फक्त दोन वेळा निघायची, फार आनंद झाला की आणि फार लागलं की. ही आनंदाची वेळ नव्हती. त्या जाऊन उरलेली कोलंबी सोलायला लागल्या.

शुक्रवारी आणि शनिवारी घरात बोलणं झालं नाही. जगदीशरावांना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते ठरत नव्हतं. बायकोने विश्वासघात केला, हे उघडच होतं. प्रूफ तू वाचलंस म्हणजे मी वाचलं, असं ते तिला तेव्हा म्हणाले होते, आणि ते वाक्य आता त्यांना नीट ऐकूही यायला लागलं होतं. शनिवारी दुपारी त्यांनी प्रफुल्लचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. हजेरीपुस्तकातला त्याचा नंबर लगेच आठवला, चेहरा काही केल्या येईना. तेव्हा मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी वाचक मंडळाचा हॉल भरला होता. मागे उभे राहणारेही होते, बहुतेक सिनेमा बघून आलेली पोरं. व्यासपीठावर हेमचंद्र, जगदीशराव, आणि टोकाच्या खुर्चीवर अपेक्षा, हात मांडीवर घट्ट धरून. कौसल्याबाई दुसऱ्या रांगेत. हेमचंद्रांनी प्रास्ताविक जोरात केलं. मूळ कलाकृती, निष्ठा, विडंबन असे शब्द हवेत उडवून झाल्यावर ते म्हणाले, “आता प्रत्यक्ष लेखकच सांगतील, घात झाला की नाही. त्यांच्याकडे एक पुरावाही आहे,” आणि अपेक्षाकडे बघून हसले.

जगदीशराव उठले. भाषणाची चार पानं खिशात होती, हस्तलिखित पिशवीत. दोन्ही काढली नाहीत. पुस्तक घेतलं. सवयीने बोट मध्ये खुपसलं, डोळे भिंतीवर गेले आणि तोंड सुरू झालं. “आणि विक्रमने शेवटचं तटाकडे पाहिलं, आणि सर्व शक्तीनिशी ओरडला, शहराला बळ…”

ते थांबले.

“चुकलो,” ते म्हणाले. “थांबा. छापलंय तसं वाचतो.”

त्यांनी पुस्तक उघडलं. चष्मा लावला. शेवटचं पान ओळीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं वाचलं. हॉलला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. शेवटच्या ओळीला त्यांचं बोट अडलं आणि पुढे गेलं. “शहराला बळी द्या.” मागची पोरं हसली, सिनेमात हसली होती म्हणून, आणि मग कोणीच हसेना म्हणून गप्प झाली.

हेमचंद्र माइककडे झुकले. “आणि हा मुद्रणदोष आहे, हे सांगा ना.”

“नाही,” जगदीशराव म्हणाले. “प्रूफ तपासलेलं आहे. चांगल्या माणसाने जुळवलं आणि घरच्याच माणसाने तपासलं.”

अपेक्षाने आधी जगदीशरावांकडे पाहिलं, मग दुसऱ्या रांगेकडे.

“मी हे हसायला लिहिलं नव्हतं,” जगदीशराव म्हणाले. “अजूनही मला वाटतं, माणसाने वेळेवर यावं. पण तुम्ही ज्याला हसलात ती वाक्यं माझीच आहेत, ह्या मुलीने एकही बदललेलं नाही. घात केला की नाही, ते पुस्तक वाचलेल्याने सांगावं. हिने वाचलंय. हिच्या आजोबांनी अक्षर अक्षर वाचलं होतं. माझं अजून वाचायचं आहे.”

आणि ते खाली बसले. परिसंवाद पुढे तासभर चालला, हेमचंद्रांनी चालवला, पण त्यात काही राम उरला नव्हता.

निघताना अपेक्षा त्यांच्या जवळ आली. कौसल्याबाईंनी तिचा हात धरला आणि पहिल्या दिवसासारखाच बराच वेळ सोडला नाही. मग दोघं नवराबायको टॅक्सीने लालबागला आले. वाटेत जगदीशरावांनी एकदाच विचारलं, “प्रफुल्ल बोटं मोडायचा, ती दोन्ही हातांची की एका?” कौसल्याबाई म्हणाल्या, “डाव्या हाताची. उजव्यात नेहमी काहीतरी खात असायचा.” आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

घरी आल्यावर जेवणं झाली. जगदीशराव पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसले. कौसल्याबाई भांडी आवरत होत्या.

“अगो,” त्यांनी हाक मारली. “अशा आणखी किती ठेवल्यास ह्याच्यात?”

भांड्यांचा आवाज थांबला.

“वाचा की,” कौसल्याबाई आतून म्हणाल्या.

जगदीशरावांनी पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. दुसऱ्याच ओळीत ‘नागरिक’ होतं, पहिल्या वेलांटीचं, कुशाबांनी सरळ केलेलं.